रोड बाइकची फ्रेम, फोर्क आणि टायरभोवतीची जागा: हाताच्या मुंग्या आणि पडून होणाऱ्या दुखापतींशी त्यांचा संबंध

रोड बाइक चालवणारे लोक डॉक्टरांकडे प्रामुख्याने दोन तक्रारी घेऊन येतात. एक तक्रार हळूहळू वाढते: लांबची राइड झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, मुंग्या येतात, शर्टाचे बटण लावताना बोटे साथ देत नाहीत. दुसरी एका क्षणात घडते: पुढचे चाक अचानक थांबले, माणूस हँडलवरून पुढे फेकला गेला आणि हासळीचे हाड मोडले. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल असे वाटत नाही. पण दोन्ही ठिकाणी सायकलचे एकच मोजमाप तपासून बघण्यासारखे असते. ते म्हणजे टायर आणि त्याच्याभोवतीची फ्रेम किंवा फोर्क यांच्यामध्ये उरलेली काही मिलिमीटरची मोकळी जागा. सायकलवाले तिला टायर क्लिअरन्स म्हणतात.

ही जागा किती आहे त्यावर किती रुंद टायर बसेल ते ठरते. टायरच्या रुंदीवर त्यात हवा किती भरावी लागेल ते ठरते, आणि हवेवर रस्त्याचे हादरे हातापर्यंत किती पोहोचतील ते ठरते. म्हणून हात दुखणाऱ्याला रुंद टायर लावण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र जागा नसताना तोच टायर कोंबून बसवला, तर हाताच्या मुंग्या जाऊन त्या जागी हात मोडण्याची वेळ येऊ शकते.

ही जागा नेमकी कुठे असते?

पुढचे चाक फोर्कमध्ये बसते. फोर्कला दोन पाय असतात. ते वर जिथे जुळतात त्या भागाला क्राउन म्हणतात, आणि क्राउनमधून निघालेली नळी फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाते. पुढे जागा बघायची ती टायरच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि टायरच्या डोक्यावर, क्राउनच्या खाली. जुन्या पद्धतीचा, रिमला दोन्हीकडून चिमटणारा ब्रेक असेल तर त्याची कमानही टायरच्या वरूनच जाते, आणि पुष्कळदा सर्वांत कमी जागा त्या कमानीखालीच असते.

मागे हा मामला अधिक अडचणीचा आहे. पेडलच्या धुरीपासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना चेनस्टे म्हणतात. उजव्या चेनस्टेच्या बाहेर चेनची दातेरी चकती फिरते, आतल्या बाजूला टायर फिरतो, आणि या दोघांच्या मधून नळी न्यायची असते. टायरला जागा द्यावी म्हणून चकती आणि पेडल बाहेर सरकवली तर दोन पायांमधले अंतर वाढते, आणि काहींच्या गुडघ्याला व खुब्याला ते सोसत नाही. रोड बाइकवर दोन्ही क्रँकच्या बाहेरच्या कडांमधले अंतर साधारण १४५ ते १५० मिमी असते. ग्रॅव्हल बाइकमध्ये यावर एक छान तोड काढलेली दिसते: उजवी चेनस्टे चकतीजवळ खाली वाकवतात, म्हणजे त्या अरुंद फटीतून नळी न्यावीच लागत नाही. चेनस्टेची लांबीही इथे कामाची ठरते. शर्यतीच्या सायकलला ती साधारण ४०५ ते ४१५ मिमी असते, तर आरामात लांब जाण्यासाठी केलेल्या सायकलींना त्याहून अधिक. लांबी वाढली की चाक सीटखालच्या नळीपासून मागे सरकते आणि टायरला श्वास घ्यायला जागा मिळते.

आपल्याकडे घरोघरी असलेली काळी सायकल आठवून बघा. तिच्या टायरभोवती बोट सहज फिरते, वर मडगार्ड बसवूनही जागा उरते, आणि चिखलातून काढली तरी चाक फिरत राहते. त्या सायकलीचा टायर २८ इंची असतो आणि त्याची रिमवर बसणारी कड ६३५ मिमी व्यासाची. रोड बाइकच्या ७००सी चाकाला हाच व्यास ६२२ मिमी असतो. त्यामुळे दुकानात नुसते ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हणू नका. काळ्या सायकलीचा अठ्ठावीस हा चाकाचा आकार असतो आणि तो इंचात असतो. रोड बाइकचा अठ्ठावीस ही टायरची रुंदी असते, तीही मिलिमीटरमध्ये. टायरच्या बाजूला २८-६२२ अशी जोडी छापलेली असते, ती वाचून टायर घ्यावा.

रोड बाइक इतक्या आवळून का बनवत होते?

बराच काळ २३ मिमीचा टायर हीच रोड बाइकची ओळख होती. टायर जितका अरुंद आणि हवेने जितका टणक, तितकी सायकल वेगवान, असा समज पक्का होता. ब्रेकही त्याच हिशेबाने बनत. शर्यतीच्या सायकलच्या रिम ब्रेकची पोच साधारण ३९ ते ४९ मिमी असायची, म्हणजे ब्रेक ज्या बोल्टवर बसतो तिथपासून रिमपर्यंतचे अंतर तेवढेच ठेवावे लागे. त्या अंतरात २५ मिमीचा टायर बसे, फार तर २८ चा. याहून लांब पोचेचे, ४७ ते ५७ मिमीचे ब्रेकही मिळत, पण ते मडगार्ड लावून फिरणाऱ्यांचे सामान समजले जाई.

या समजाला सर्वांत जास्त तडे गेले ते पॅरिस-रुबे या शर्यतीत. उत्तर फ्रान्समधली ही शर्यत २५० किलोमीटरपेक्षा लांब असते, आणि त्यातले सुमारे ५५ किलोमीटर दगडी फरसबंदीचे असतात. ती फरसबंदी म्हणजे आपल्या जुन्या वाड्याच्या चौकातली घडीव फरशी नव्हे. वर आलेले ओबडधोबड दगड, मध्ये खाचा, आणि पाऊस पडला की चिखल. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी ही शर्यत सस्पेन्शन असलेला फोर्क लावून जिंकली. पण असा फोर्क जड होता, आणि रोड शर्यतीत तो टिकला नाही. टिकली ती त्याहून साधी गोष्ट: रुंद टायर आणि कमी हवा. आज त्याच शर्यतीत ३० ते ३२ मिमीचे किंवा त्याहूनही रुंद टायर दिसतात. रोड शर्यतीत डिस्क ब्रेकला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने जुलै २०१८ पासून कायमची मान्यता दिली. डिस्क ब्रेक चाकाच्या आसाजवळ बसतो, त्यामुळे टायरवरची ब्रेकची कमान गेली आणि फ्रेम बनवणाऱ्यांना जागा वाढवायला कारणच उरले. आता नव्या रोड बाइकमध्ये ३२ मिमीचा टायर बसणे ही नवलाई राहिलेली नाही. प्रश्न जुन्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या सायकलींचा आहे, आणि आपल्याकडे त्या भरपूर आहेत.

रुंद टायरने हाताला आराम का मिळतो?

सायकलवर रस्ता आणि तुमचे शरीर यांच्यामध्ये सर्वांत मऊ वस्तू कोणती, तर टायरमधली हवा. फ्रेम कार्बनची की स्टीलची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते हाताच्या तक्रारीसाठी तो वाद गौण आहे. खड्ड्यावर टायर जितका दबतो, त्याच्या तुलनेत चांगली फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते.

टायर रुंद झाला की तेच वजन पेलायला कमी दाब पुरतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीला २५ मिमीच्या मागच्या टायरमध्ये साधारण ८५ ते ९० पीएसआय हवा लागते, तर ३२ मिमीच्या टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय पुरते. पुढच्या टायरमध्ये याहून थोडी कमी, कारण पुढे वजन कमी येते. हे आकडे सुरुवात करण्यापुरते धरा आणि आपले वजन, रस्ता व रिम पाहून दोन-तीन पीएसआयने वरखाली करा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा हा कमाल दाब असतो. पुष्कळ जण तोच आकडा वाचून ११० पर्यंत हवा ठोकतात आणि मग महागडे जेलचे हातमोजे विकत घेतात. एक सावधगिरी मात्र हवी: आतून हूक नसलेल्या नव्या प्रकारच्या रिमवर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही वरची मर्यादा आहे. ती कधीही ओलांडायची नाही.

आता हाताकडे येऊ. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा पुढे, एका अरुंद बोळातून अल्नार नावाची नस जाते. त्या बोळाला गियॉनचा कालवा म्हणतात. हँडल धरताना तळहाताचा नेमका हाच भाग टेकतो. वरून शरीराचे वजन, खालून रस्त्याचे हादरे, आणि तास उलटत जातात. करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर होणे हे या नसेचे लक्षण. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर दाब मनगटातल्या दुसऱ्या, मीडियन नसेवर असतो. मानेपासून कळ निघून हातात उतरत असेल तर मूळ मानेत असू शकते. रात्र-रात्र सायकल चालवणाऱ्यांत ही तक्रार अधिक दिसते, आणि त्यात नवल नाही: ६०० किलोमीटरची ब्रेव्हे ४० तासांच्या आत संपवायची असते, म्हणजे तळहात दीड दिवस हँडलवर असतो.

कधीकधी बधिरपणा अजिबात नसतो, फक्त शक्ती जाते. कारण या नसेची खोल फांदी स्नायूंना जाते, कातडीला नाही. रुग्ण म्हणतो, ‘किल्ली फिरवताना बोट घसरतं.’ घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. अंगठा सरळ ठेवून, अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. कागद धरून ठेवण्यासाठी अंगठ्याचे टोक वाकवावे लागत असेल, तर ताबडतोब दाखवा. नुसत्या मुंग्या बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत जातात, पण अशक्तपणा असेल तर वाट बघत बसू नये. नसेतून विद्युत संदेश कसा जातो याची तपासणी करावी लागू शकते. मधुमेह असणाऱ्यांच्या नसा दाबाला लवकर बळी पडतात, त्यांनी पहिल्या मुंग्यांपासूनच लक्ष द्यावे.

सगळा दोष टायरवर ढकलू नका. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि वजन हातावर येते. हँडल फार लांब असेल तरी तेच. दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलणे हा फुकटचा उपाय आहे. जांघेतल्या बधिरपणालाही टायर थोडीच मदत करतो, तिथे सीटची रुंदी, तिचा कोन आणि अधूनमधून उभे राहून पेडल मारणे हेच खरे उपाय.

जागा नसताना रुंद टायर लावला तर?

स्टँडवर चाक छान फिरते, म्हणून लोक समाधानी होतात. पण रस्त्यावर चाक स्टँडवर असते तसे राहत नाही. उभे राहून जोरात पेडल मारले की चाक बाजूला एक-दोन मिलिमीटर झुकते. एक तार तुटली की रिम वाकडी होऊन काही मिलिमीटर सरकते, आणि हल्लीच्या चाकांत वीस-चोवीसच तारा असतात, त्यामुळे एकीचे जाणे जास्त जाणवते. फटीत २ मिमी जागा असेल तर तुटलेल्या एका तारेने चाक फ्रेमला टेकते.

दुसरा प्रकार आपल्या पावसाळ्यातला. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीतून कच्च्या रस्त्याने पाचशे मीटर सायकल नेऊन बघा. माती टायरला चिकटते, क्राउनखाली थापली जाते आणि चाक फिरायचे बंद होते. हे निदान हळूहळू घडते. टायरच्या रबरात रुतलेला खडीचा तुकडा मात्र एका फेरीत क्राउनपर्यंत पोहोचतो. तिथे जागा असेल तर तो नुसता टकटक वाजतो, नसेल तर अडकतो. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. या वेगात पुढचे चाक जागच्या जागी थांबले तर सायकल थांबते, माणूस थांबत नाही.

तिसरा प्रकार आवाज न करणारा. टायर कार्बनच्या फोर्कला किंवा चेनस्टेला हलकेच घासत राहतो. धूळ आणि वाळू कानसाचे काम करतात आणि कार्बनचे थर कापले जातात. स्टील बहुधा वाकून इशारा देते, कार्बन बऱ्याचदा देत नाही.

मोजायचे कसे?

टायरवर छापलेल्या रुंदीवर विसंबू नका. त्याच २५ च्या टायरची रुंदी रुंद रिमवर २७ मिमी भरू शकते. रिमची आतली रुंदी दर मिलिमीटरला वाढली की टायर साधारण ०.४ मिमीने फुगतो. नवा टायर पूर्ण दाबाने भरून एक-दोन दिवस ठेवा, तो थोडा ताणतो, आणि मग मोजा. मोजायला खास हत्यार लागत नाही. सायकलच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ४, ५ आणि ६ मिमीच्या अॅलन की असतात. चाक सावकाश फिरवत ती की टायर आणि फोर्क यांच्यामधून, क्राउनखालून, चेनस्टेच्या आतून फिरवा. चाकाच्या पूर्ण फेरीत कुठेही अडता कामा नये. फ्रेम बनवणारे बहुतेक ४ ते ६ मिमी जागा सोडायला सांगतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा नियमात किमान १.६ मिमी म्हटले आहे, पण त्या आकड्यावर आपल्या रस्त्यांसाठी समाधान मानू नये. मी रुग्णांना ४ च्या खाली जाऊच नका म्हणतो, आणि पावसाळ्यात चालवणार असाल तर ६.

४ मिमी मिळत नसेल तर पर्याय साधा आहे: एक माप खाली या आणि हवा हिशेबात भरा. २३ चा २५ केला आणि ११० ची हवा ८५ वर आणली तरी हाताला फरक कळतो. पुढे ३० आणि मागे २८ असेही चालते. जागा करण्यासाठी फ्रेम कानसणे किंवा मिळेल तो लांब फोर्क बसवणे मात्र टाळा. फोर्क लांब झाला की पुढची बाजू उचलली जाते आणि सायकलचे वळणे बदलते.

बुटक्या रायडरची वेगळी अडचण

पाच फूट उंचीच्या आसपासच्या व्यक्तीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच स्त्रियांसाठी, बनवलेल्या लहान फ्रेमवर तेच ७००सी चाक बसवलेले असते. पेडल आणि पुढचे चाक इतके जवळ येतात की हळू वळताना बुटाचे टोक टायरला लागते. रुंद टायर किंवा मडगार्ड लावले की हे आणखी वाढते. वेगात हँडल फार वळत नाही, त्यामुळे त्रास होत नाही. होतो तो सिग्नलला, गर्दीत, घाटातल्या सावकाश वळणावर, आणि पडताना पाय पेडलमध्ये अडकलेला असतो. अमेरिकेच्या नियमात पाय बांधणारी पेडल नसलेल्या सायकलींना इथे ८९ मिमी अंतर सक्तीचे आहे, क्लिपच्या पेडलवाल्या सायकलींना ती सक्ती नाही. लहान फ्रेम घेताना दुकानातच, बूट घालून, पेडल आडवे ठेवून हँडल वळवून बघा. ६२२ ऐवजी ५८४ मिमी व्यासाची, ६५०बी नावाची चाके मुळातच धरून बनवलेली फ्रेम मिळाली तर हा प्रश्न मुळातून सुटतो.

पडल्यावर काय बघावे?

डोक्याला मार लागून शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील, माणूस तेच-तेच विचारत असेल, झोपाळला असेल, किंवा तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. हेल्मेट फुटले नाही म्हणून आत काही झाले नाही असे समजू नये. मानेच्या मध्यभागी दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या असतील तर मान हलवू न देता मदत येईपर्यंत थांबावे.

हासळीचे हाड मोडले की बहुधा लगेच कळते: खांदा खाली झुकतो, हात दुसऱ्या हाताने धरावासा वाटतो. हात गळ्यात बांधून क्ष-किरण तपासणीला जा. हाडाचे टोक कातडीला आतून ढकलत असेल किंवा हात गार, बधिर पडत असेल तर उशीर नको.

दोन दुखापती सहज निसटतात. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल तर स्केफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ते दिसत नाही असे पुष्कळदा होते. ‘फोटो नॉर्मल आहे’ म्हणून हात मोकळा करू नका. मनगट स्प्लिंटमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात किंवा एमआरआय करतात. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही. दुसरी दुखापत हनुवटीची. हनुवटीला टाके पडले, पण कानाच्या पुढे दुखते, तोंड पूर्ण उघडत नाही किंवा दात पूर्वीसारखे बसत नाहीत, असे असेल तर जबड्याचा वरचा सांधा तपासून घ्यावा. हँडलचे टोक पोटात लागले असेल आणि काही तासांनी पोट दुखू लागले, तर वरून खरचटलेले दिसत नसले तरी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनची गरज पडू शकते.

आणि सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याआधी पुढचे चाक काढून फोर्क तपासायला सांगा. मिस्त्री बहुधा पाय बाहेरून बघतो. टायर घासल्याची रेघ किंवा बारीक चीर असते ती क्राउनच्या खालच्या बाजूला आणि पायांच्या आतल्या अंगाला, चाक बसवलेले असताना न दिसणाऱ्या जागी.